शिवराई नाण्याची ओळख व मूल्यनिर्धारण

शिवराई हे मराठा राज्यातील तांब्याचे नाणे होय. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या (६ जून १६७४) सुमारास सुरू झालेले हे नाणे पुढे पेशवाईत असंख्य टांकसाळींतून पाडले गेले आणि इंग्रजी अंमलातही दीर्घकाळ वापरात राहिले. त्यामुळे ‘शिवराई सापडली’ याचा अर्थ ‘शिवकालीन नाणे सापडले’ असा होत नाही. आज घरोघरी आढळणाऱ्या शिवराया बहुतांशी उत्तरकालीन आहेत.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले. या प्रदेशातील हिंगण्यासारख्या गावांत जुन्या डब्यातून तांब्याचे पैसे, फारसी मजकुराचे रुपये व राणीछाप चांदीची नाणी एकत्र निघणे स्वाभाविक आहे. अशा वेळी प्रथम धातू, वजन व लिपी यांनुसार नाणी वेगळी करावीत.

== ओळख ==
शिवराईच्या पुढील बाजूस बिंदूंच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ व मागील बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. नाणे हातोड्याने ठोकून पाडले जाई आणि ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून एका नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच मावतो. तुटक अक्षरे हा दोष नव्हे, ते या नाण्याचे लक्षण आहे. अक्षरलेखनातही वैविध्य आहे: ‘शिव’ऐवजी ‘सिव’, ‘पति’ऐवजी ‘पती’ अशी रूपे आढळतात. अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया तपासून या भेदांचा अभ्यास केला.

‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर आडव्या रेघा असल्यास नाणे ‘दुदांडी’ शिवराई समजावे. हा पेशवेकालीन प्रकार असून त्याचे वजन सामान्यतः ८ ते १० ग्रॅम भरते. आरंभीच्या शिवराया ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास असतात. मात्र झिजेमुळे वजन घटत असल्याने केवळ तराजूवरून काळ ठरवू नये. चंद्र, सूर्य, बेलपान, त्रिशूळ यांसारखी चिन्हेही उत्तरकालीन नाण्यांवर दिसतात.

ओतीव नकलांवर कडेला साच्याची सांधरेषा, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि साबणासारखी गुळगुळीत झालेली अक्षरे दिसतात. दोन नाणी ओरखड्यांसकट तंतोतंत सारखी असतील तर ती एकाच साच्यातील नकला होत. ‘होन’ या सोन्याच्या नाण्याबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे; अस्सल शिवकालीन होन अत्यंत दुर्मिळ असून त्याच्या स्मरणिका मात्र बाजारात विपुल आहेत.

== मूल्य ==
मूल्य वयावर नव्हे, तर दुर्मिळता, मजकुराची स्पष्टता व मागणी यांवर ठरते. १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयात (११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी) सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. झिजलेल्या रुपयासही त्यात उरलेल्या चांदीची किंमत मिळते. शिवराईस असा आधार नाही, कारण तिच्यातील तांब्याची किंमत नगण्य असते. सामान्य दुदांडी शिवराई विपुल असल्याने स्वस्त मिळते. स्पष्ट बिंदुवर्तुळ व पूर्ण मजकूर असलेली आरंभीची शिवराई तिच्या कित्येक पट भाव घेते. तुलनेसाठी विक्रेत्याने सांगितलेला भाव धरू नये. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी.

चिंच, लिंबू वा राखेने नाणे घासल्यास तांब्यावरील नैसर्गिक काळपट थर निघून जातो व भाव घसरतो. नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

== फसवणूक व कायदा ==
जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ वा ‘कर’ मागण्याचे प्रकार घडतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी सावध केले. अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही व ती त्यासाठी शुल्कही घेत नाही. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे.