अपराध कोणाचा, भरपाई कोणाची?

रस्त्यावर मोटार एखाद्याच्या अंगावरून गेली म्हणजे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. अपराध कोणाचा, हा पहिला; आणि मृताच्या मागें राहिलेल्यांच्या पोटाची सोय कोणीं करावी, हा दुसरा. वरवर पाहतां दुसऱ्याचें उत्तर पहिल्यांतच आलें असें वाटतें. परंतु गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळला तर दिसून येतें कीं, हे दोन प्रश्न एकमेकांपासून विलग करण्यांतच कायद्याची बरीचशी शक्ति खर्च झाली आहे.

इंग्लंडांत मध्ययुगापासून एक चमत्कारिक वहिवाट होती. ज्या वस्तूच्या योगानें मनुष्य मेला ती वस्तु, मग ती गाडी असो, घोडा असो वा बैल असो, देवाला वाहिली गेली असें मानून तिची किंमत राजाच्या खजिन्यांत जमा करीत. ह्यास ‘डिओडंड’ म्हणत. १८४१ च्या डिसेंबरांत सॉनिंगजवळ आगगाडीला अपघात झाला तेव्हां पंचांनीं इंजिन व डबे यांवर १००० पौंडांचें डिओडंड बसविलें. विधवेला मात्र दाद मागण्याचा मार्ग नव्हता. मनुष्याचा मृत्यु हा दिवाणी दाव्याचा विषय होऊं शकत नाहीं, असें लॉर्ड एलेनबरो यांनीं १८०८ सालीं ठरविलें होतें. हात मोडला तर भरपाई, जीव गेला तर कांहीं नाहीं, असा हा न्याय! आगगाड्या वाढल्या, तशी ही विसंगति असह्य झाली. १८४६ सालीं पार्लमेंटानें डिओडंड रद्द केलें आणि त्याच वर्षीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या कायद्यानें मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला. आपल्याकडे तोच हक्क १८५५ च्या तेराव्या कायद्यानें आला. मात्र प्रतिवादीचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी वादीवरच राहिली.

मोटार आली आणि निराळीच अडचण पुढें आली. अपराध सिद्ध झाला, हुकूमनामाही मिळाला. पण ज्याच्यावर तो मिळाला त्याच्याजवळ पैसाच नाहीं! यावर उपाय म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९२७ पासून, आणि ब्रिटननें १९३० च्या कायद्यानें विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार कायद्यांत तसेंच प्रकरण होतें. परंतु मध्यें महायुद्ध येऊन गेलें व तें अमलांत येण्यास १ जुलै १९४६ ची तारीख उजाडली. या विम्याचें वैशिष्ट्य असें कीं, करार मालकाचा व कंपनीचा, आणि फळ मात्र रस्त्यानें चालणाऱ्या तिसऱ्याच माणसाला.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपण म्हणतों. पण कर्ता पुरुष गमावलेल्या बाईला ती चढल्यावांचून गत्यंतर नसतें. दाव्याच्या रकमेवर भरावी लागणारी कोर्ट फी आणि दिवाणी कामाची दिरंगाई हा तिला दुसरा अपघातच होता. १९५६ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. तरी हलगर्जीपणा सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं बजावलें. पुढें १९८२ च्या दुरुस्तीनें प्रथमच, अपराधाची चौकशी न करतां, मृत्यूबद्दल १५,००० रुपये देवविले. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें अशी रक्कम मृत्यूस पांच लाख व जबर दुखापतीस अडीच लाख ठरविली.

आतां मालकीचा प्रश्न. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणें गाडीची मालकी उभयपक्षांच्या इच्छेनें विकत घेणाऱ्याकडे जाते. व्यवहारांत पैसे मोजले, किल्ली हातीं आली, कीं सौदा पुरा झाला असें लोक समजतात; गाडी नांवावर करून घेण्याचें काम ‘पुढें पाहूं’ म्हणून राहतें. परंतु १९८८ च्या मोटार कायद्याची व्याख्या वेगळी आहे. सरकारी नोंदींत ज्याचें नांव, तोच मालक. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या प्रकरणांत गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. अपघाताच्या वेळीं ती चालविण्याशीं पहिल्या विक्रेत्याचा कांहींएक संबंध नव्हता. तरीही नोंद त्याच्या नांवावर असल्यामुळें भरपाईचा बोजा त्याच्याच माथीं आला.

हें कठोर आहे, यांत शंका नाहीं. पण दुसरी बाजू पाहावी. तोंडी सौद्यांची ही सांखळी शोधीत, हा म्हणतो ‘त्याला विकली’, तो म्हणतो ‘याला विकली’, असें त्या विधवेनें दारोदार फिरावें काय? नोंद बदलण्याचें काम विक्रेत्याच्या हातचें आहे. अपघात टाळणें मृताच्या हातचें नव्हतें. दोघांपैकीं एकाला झळ लागणारच असेल, तर ज्याला ती टाळतां आली असती त्याला लागावी, हेंच न्याय्य होय.

अशा रीतीनें कायदा पुन्हां अपराध्याकडून वस्तूकडे वळला आहे. माणसाचें मन तपासण्यापूर्वीं तो गाडीची नोंद आणि विमा तपासतो. डिओडंडाची जुनी कल्पनाच जणूं फिरून आली. फरक एवढाच कीं, तेव्हां पैसा राजाच्या खजिन्यांत जात असे, आतां तो मृताच्या घरीं जातो. दोन शतकांच्या खटपटीचें सार या एका फरकांत आहे.