परीक्षा कशाची घ्यायची? आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास

1857 साली मुंबई विद्यापीठ उभे राहिले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि पास-नापास ठरवायचे विद्यापीठाने. 1924 साली विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. जे विद्यापीठ परीक्षेलाच सर्वस्व मानते ते उच्च शिक्षण वाढवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला वाटते, हा मुद्दा पदवीपुरता नाही. ज्या शिक्षणावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो, त्या आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणाला तो जास्तच लागू पडतो.

गावगाड्यात बाळंतपण करणारी सुईण अनेक ठिकाणी मातंग किंवा इतर अस्पृश्य जातीतली असे. नाळ कापणे विटाळाचे, म्हणून ते काम तिच्या माथी मारलेले. तिचा हात अनुभवाने तयार झालेला होता, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती. ज्यांच्याकडे शास्त्र होते ते तिच्या शेजारी बसायला तयार नव्हते, त्यामुळे तिच्या चुका दुरुस्त करणारेही कुणी नव्हते. म्हणजे जातीने ज्ञानाचे दोन तुकडे केले: कामाला तपासणी नाही आणि तपासणीला काम ठाऊक नाही.

हे तुकडे जोडता येतात, हे याच महाराष्ट्रात दिसले आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या ज्या बाया आरोग्यसेविका झाल्या, त्यांत दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. गावात काय केले, कुठे अडले, हे एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचे शिकायच्या. शिकणे आणि तपासणे यांत भिंत नव्हती.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे थोड्या शिकलेल्या बायांनी केली. पर्यवेक्षक गावात येऊन त्यांचे काम आणि नोंदी पडताळून पाहत. 1999 साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. लेखी परीक्षा नसली की दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. तपासणी इथेही होतीच, उलट अधिक कडक होती. फक्त ती बाळाच्या उशाशी होती.

2005 साली आशा योजना आली आणि गडचिरोलीचा धडा पुढे तिच्या प्रशिक्षणातही घेतला गेला. घरी झालेल्या बाळंतपणानंतर 42 दिवसांत सात भेटी, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा. पण भेटीत काय केले, यापेक्षा फॉर्म किती भरले यावर मोबदला ठरू लागला. मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास धोक्याचे, हे कागदावर लिहिता येते. रडणारे बाळ शांत करून ते श्वास अचूक मोजता येतात का, हे कागद कसा सांगणार?

आशा, अंगणवाडी सेविका, नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुली यांच्यासाठी आम्ही सवलत मागत नाही. चुकीच्या हाताने मरणारे बाळही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असते, म्हणून परीक्षा कडकच हवी. पण ती प्रत्यक्ष कामावर व्हावी, मराठीत व्हावी, वर्षभर व्हावी. जी शिकवते तिनेच शेजारी उभे राहून चूक तिथल्या तिथे दाखवावी आणि पुन्हा करून घ्यावी. नापास म्हणून बाहेर काढणारी परीक्षा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. आता शिकवणारी परीक्षा हवी आहे.