विश्रांतीने न सुटलेलं दुखणं

१९८० साली लंडनमधले शल्यचिकित्सक जेरी गिलमोर यांच्याकडे तीन व्यावसायिक फुटबॉलपटू आले. जांघेच्या दुखण्यापायी तिघांचंही खेळणं बंद पडलं होतं. हे दुखणं मोठं फसवं असतं. आठवडाभर आराम केला की बरं वाटतं, पण वेगाने पळताना वळलं, चेंडूला लाथ मारली किंवा नुसतं खोकलं तरी कळ उठते. तपासणीत हर्नियाचा फुगवटा सापडत नाही, त्यामुळे खेळाडू कामचुकारपणा करतोय, असा संशयही त्याच्या वाट्याला येतो.

गिलमोर यांनी जांघ उघडली, तेव्हा पोटाच्या खालच्या भागातले स्नायूंचे पडदे फाटून एकमेकांपासून सुटलेले दिसले. त्यांनी ते थर शिवून घेतले आणि खेळाडू पुन्हा मैदानात उतरले. तेव्हापासून ब्रिटिश फुटबॉलमध्ये ही दुखापत गिलमोर यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

दुखणं मात्र त्याहून कितीतरी जुनं. घोड्याला मांड्यांनी आवळून बसणाऱ्या स्वारांच्या मांडीच्या आतल्या स्नायूत हाडासारखी गाठ धरते, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना ठाऊक होतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे मूत्ररोगतज्ज्ञ एडविन बिअर यांनी शस्त्रक्रियेनंतर जघनास्थीला (ओटीपोटाखालच्या हाडाला) येणाऱ्या सुजेचं वर्णन केलं. १९३२ मध्ये इटलीत स्पिनेली यांना तसाच त्रास तलवारबाजी करणाऱ्या खेळाडूंमध्ये आढळला. ज्याच्या हाती जे लागलं, त्याने त्यालाच दुखण्याचं मूळ मानलं: कुणी हाड, कुणी स्नायू, कुणी पोटाची भिंत.

शस्त्रक्रियेची वाट पुढे रुंदावत गेली आणि जर्मनीतलं म्युनिक हे तिचं एक मोठं ठाणं बनलं. मुंबईचा क्रिकेटपटू सूर्यकुमार यादव जानेवारी २०२४ आणि जून २०२५ अशा दोन वेळा स्पोर्ट्स हर्नियाच्या, म्हणजे याच दुखण्याच्या, शस्त्रक्रियेसाठी तिथेच गेला. त्याआधी २००८ मध्ये, आयपीएलच्या पहिल्याच हंगामात, मुंबई इंडियन्सचे सुरुवातीचे सात सामने सचिन तेंडुलकरविना झाले. कारण तेच, जांघेची दुखापत.

पण या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना शस्त्रक्रियागृहाबाहेर घडली. पेर होल्मिच आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी जांघेच्या जुनाट दुखण्याने त्रासलेले ६८ खेळाडू घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची फिजिओथेरपी: लेझर, मालिश, ताण देणं, विजेचे सौम्य झटके. दुसऱ्या गटाच्या हाती घाम गाळायचं काम दिलं. उताणं झोपायचं, दोन्ही पावलांमध्ये फुटबॉल धरायचा आणि तीस सेकंद दाबून ठेवायचा. असं दहा वेळा. मग तोच चेंडू गुडघ्यांमध्ये. पुढे पोटाचे, तोल सांभाळण्याचे आणि बाजूला सरकण्याचे व्यायाम. आठ ते बारा आठवडे हाच क्रम. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. व्यायाम करणाऱ्यांपैकी २३ जण वेदनेशिवाय पूर्वीच्याच दर्जाचा खेळ खेळू लागले होते. फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी फक्त ४. इतका उघड फरक क्रीडावैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो. जो स्नायू दुखतो म्हणून जपून ठेवला जात होता, त्याला हळूहळू वाढत्या भाराने राबवणं हाच त्याचा इलाज ठरला.

त्याच सुमाराला अमेरिकेत टिमोथी टायलर आइस हॉकीपटूंच्या मांड्यांची ताकद मोजत होते. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचा जोर बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर स्नायू दुखावण्याची शक्यता १७ पट होती. म्हणजे दुखापतीची चाहूल हंगामाआधीच लागू शकत होती.

नावांचा गोंधळ तरीही संपेना. ७२ अभ्यासांत मिळून या दुखण्याला ३३ वेगवेगळी निदानं दिलेली सापडली. अखेर २०१४ मध्ये दोह्यात तज्ज्ञ एकत्र बसले आणि कळ नेमकी कुठून उठते, त्यावरून वर्गवारी ठरली: मांडीचे आतले स्नायू, खुब्यासमोरचा स्नायू, वंक्षणाचा भाग (जांघेची घडी), जघनास्थी आणि खुद्द खुब्याचा सांधा. गिलमोर यांचं नाव आणि 'स्पोर्ट्स हर्निया' हे दोन्ही शब्द टाळावेत, असंही ठरलं. वर्तमानपत्रांनी दुसरा शब्द अजून सोडलेला नाही.

नॉर्वेतल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निमव्यावसायिक फुटबॉल संघांना मांडीचे आतले स्नायू बळकट करणारा एकच व्यायाम दिला गेला. खेळाडूने एका कुशीवर, कोपरावर भार देऊन आडवं व्हायचं. वरचा पाय जोडीदाराने कमरेच्या उंचीवर धरायचा. मग वरच्या पायावर जोर देत अंग उचलायचं, खालचा पाय वरच्याला आणून भिडवायचा आणि सावकाश खाली न्यायचा. जांघेतली वेदना दहापैकी तीनच्या वर गेली तर सोपा प्रकार करायचा. हंगामापूर्वी आठवड्यातून तीनदा, हंगामात एकदा. जांघेच्या तक्रारींचा धोका त्यातून ४१ टक्क्यांनी घटला. कबड्डीत चढाईपटूचा पाय पकडीत फाकतो तेव्हा ताण याच स्नायूंवर येतो, आणि या व्यायामाला ना यंत्र लागतं ना पैसा. गावोगावच्या कबड्डी संघांच्या सरावात तो यायलाच हवा.