राजाचा बालवीर ते राष्ट्रपती स्काउट : एका बिल्ल्याची कुळकथा

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर देशाच्या राष्ट्रपतींची स्वाक्षरी असते, असे प्रसंग भारतात फार थोडे. ‘राष्ट्रपती स्काउट’ आणि ‘राष्ट्रपती गाइड’ हे त्यांपैकी एक. वसई-विरारमधील एखाद्या शाळेत असे प्रमाणपत्र चौकटीत टांगलेले असले, तर जाता-येता सगळे त्याकडे कौतुकाने पाहतात. मुलांच्या शिबिरात गाठी मारणे, तंबू ठोकणे, प्रथमोपचार करणे यांच्याशी राष्ट्रप्रमुखाचा संबंध काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या प्रश्नाच्या उत्तरात चाळीस वर्षांचे एक भांडण दडलेले आहे. मुलाने निष्ठेची शपथ कोणाच्या नावाने घ्यायची, यावरून झालेले.

या चळवळीचा उगम एका वेढ्यात आहे. वेढा म्हणजे काय, हे वसईकरांना सांगावे लागत नाही. चिमाजीअप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये घेतलेला किल्ला आजही गावाच्या टोकाला उभा आहे. बेडन-पॉवेल यांचा वेढा दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगचा. ऑक्टोबर १८९९ ते मे १९००, एकूण २१७ दिवस. आत अडकलेल्या ब्रिटिश सैन्याचे ते प्रमुख होते. माणसे कमी पडू लागली तेव्हा गावातील किशोरवयीन मुलांचे पथक निरोप पोचवणे, पहारा देणे अशा कामांना लावण्यात आले. त्या मुलांची कहाणी पुढे साऱ्या साम्राज्यात गाजली. त्याच वेढ्यात कृष्णवर्णीय रहिवाशांची जी उपासमार झाली, तिचा गाजावाजा कोणी केला नाही. पुढचे भांडण समजून घेताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांचे शिबिर झाले आणि १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले. ‘स्काउट’ हा लष्करी शब्द. शत्रूच्या प्रदेशात पुढे जाऊन टेहळणी करणारा तो स्काउट. मराठीत त्यासाठी हेर, टेहळ्या, जासूद असे अस्सल शब्द हाताशी होते. तरीही मराठीने ते बाजूला ठेवून ‘बालवीर’ हा शब्द घडवला आणि मुलींसाठी ‘वीरबाला’. परक्याच्या फौजेतला टेहळ्या होण्यापेक्षा आपल्या घरचा वीर होणे मराठी मनाला अधिक मानवले असावे.

सर्वोच्च बिल्ल्याची कल्पना १९०९ सालची. सातव्या एडवर्ड राजाच्या संमतीने ‘किंग्ज स्काउट’ ही श्रेणी निर्माण झाली. अमेरिकेने आपल्या सर्वोच्च श्रेणीला गरुडाचे नाव दिले. आर्थर एल्ड्रेड हा १९१२ मध्ये तेथील पहिला ‘ईगल स्काउट’ ठरला. ब्रिटिश साम्राज्यात मात्र शिडीच्या शेवटच्या पायरीवर राजा बसला होता. पहिल्या नियमावलीतही निष्ठेचे कलम राजापासून सुरू होई आणि अधिकारी, देश असे करत करत थेट मालकापर्यंत, म्हणजे नोकरी देणाऱ्यापर्यंत पोचे!

त्याच १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत भारतातील पहिले पथक काढले. प्रवेश फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना होता. १९११ मध्ये जबलपूरला निघालेल्या गाइड पथकाचीही तीच तऱ्हा. भारतीय मुलांना नकार देण्यामागे वर्णाचा गर्व होताच, पण त्याहून मोठी भीती होती. नकाशा वाचणे, माग काढणे, संकेतांनी निरोप धाडणे, शिस्तीत हालचाल करणे हे सारे बंगालमधील किंवा महाराष्ट्रातील तरुणाला शिकवले तर तो ते कोणाविरुद्ध वापरील? क्रांतिकारकांच्या धामधुमीचा तो काळ. सरकारचा संशय अगदीच निराधार होता, असे म्हणता येत नाही.

दार बंद आहे म्हटल्यावर भारतीयांनी आपापली दारे उघडली. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साह्याने इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली. तिच्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा असे आणि तोंडी भारतीय गाणी. मध्य प्रांतात नागपूरच्या विवियन बोस यांनी हे काम अंगावर घेतले. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना उभी राहिली. नाव अलाहाबादचे असले तरी तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो : कुंझरू आणि वाजपेयी दोघेही नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. (राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांपैकी एक ते हेच कुंझरू. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्या आयोगावर किती टीका झाली, ते मराठी वाचकाला ठाऊकच आहे.)

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना अधिकृत संघटनेत विलीन झाली. भारतीय मुलाला आता राजाचा बालवीर होण्याची वाट मोकळी झाली, पण मुहूर्त विलक्षण होता. असहकाराचे ते वर्ष. १७ नोव्हेंबरला ब्रिटनचे युवराज मुंबईत उतरले तेव्हा बहिष्कार, विदेशी कापडाच्या होळ्या आणि दंगल यांनी शहर पेटले होते. मुंबईच्या उंबरठ्यावरील वसईसारख्या गावातून शाळेला जाणाऱ्या मुलासमोरचा पेच यावरून कल्पता येईल. शिबिर हवे, शिट्टी हवी, स्कार्फ हवा. मात्र शपथ राजाची. सेवा समिती स्वतंत्रच राहिली. ज्यांना हा पेच मुळीच मान्य नव्हता त्यांच्यासाठी डॉ. ना. सु. हर्डीकरांचे सेवा दल १९२३ पासून होते, आणि १९४१ पासून एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखालील राष्ट्र सेवा दल.

ठिणगी पुन्हा १९३७ मध्ये पडली. दिल्लीच्या अखिल भारतीय मेळाव्यासाठी आलेल्या बेडन-पॉवेल यांच्या भारतीयांच्या चारित्र्याविषयीच्या उद्गारांवरून वादळ उठले. अनेकांनी अधिकृत संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन आकाराला आली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात एकाच गणवेशाच्या दोन निष्ठा नांदत होत्या.

नेहरू आणि मौलाना आझाद यांनी लक्ष घातल्यावर ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ जन्मली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सही तिला मिळाल्या. प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. कुंझरू आणि बोस, म्हणजे पूर्वी दोन वेगळ्या छावण्यांत काम केलेली माणसे, पुढे वेगवेगळ्या काळी तिचे मुख्य राष्ट्रीय आयुक्त झाले.

नव्या संघटनेने राजाची जागा कशी भरली, हे तिच्या वचनात आणि नियमांत पाहण्यासारखे आहे. ‘राजा’ हा शब्द काढून तेथे दुसऱ्या कोणा व्यक्तीचे नाव घालणे सोपे होते. तसे केले गेले नाही. वचनात कर्तव्य आहे ते ईश्वराप्रती आणि देशाप्रती, आणि ज्याला ‘ईश्वर’ म्हणायचे नसेल त्याला ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. दुसरा नियम निष्ठेचा, पण निष्ठा कोणाशी हे त्यात सांगितलेलेच नाही; राजा, अधिकारी, मालक ही सारी शेपटी गळून पडली आहे. सर्वांत बोलका बदल आज्ञापालनाच्या कलमात झाला. हुकूम पाळण्याच्या जागी शिस्त आली आणि तिच्या जोडीला सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण. मालमत्ता राजाची नाही, आपली आहे, हे जिथे मुलांना नव्याने शिकवावे लागते अशाच देशात हे वाक्य लिहिले जाऊ शकते.

सर्वोच्च श्रेणीला नाव मिळाले तेही व्यक्तीचे नाही, पदाचे. ब्रिटनमध्ये १९५२ नंतर हा बिल्ला ‘क्वीन्स स्काउट’ झाला आणि २०२२ नंतर पुन्हा ‘किंग्ज स्काउट’. राष्ट्रपती भवनात कोणीही राहायला आले तरी भारतातील बिल्ल्याचे नाव बदलत नाही.

तिथवर पोचण्याची वाट लांब आहे. दहाव्या वर्षानंतर प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्यपालांच्या स्वाक्षरीचा राज्य पुरस्कार आणि सरतेशेवटी राष्ट्रपती पुरस्काराचे परीक्षा-शिबिर. बहुतेकांची गळती मधल्या सोपानांवर होते, कारण तोवर दहावीचे वर्ष दारात उभे असते. दोराच्या गाठी आणि प्रथमोपचार ही शोभेची विद्या वाटत असेल, तर जुलै २०१८ आठवावा : नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद आणि वस्त्यांत तुंबलेले पाणी.

विरारच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. या संघटनेच्या लेखी प्रत्येक विभागीय रेल्वे हे स्वतंत्र ‘राज्य’ मानले जाते. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन मुलांपैकी शाळेच्या पथकातला महाराष्ट्र राज्याचा स्काउट ठरतो आणि रेल्वेच्या पथकातला ‘पश्चिम रेल्वे’ नावाच्या राज्याचा. शेवटच्या पायरीवर मात्र दोघांच्याही प्रमाणपत्रावर स्वाक्षरी एकाच पदाची असते.