कोंडलेल्या हवेचा खर्ज
भरदार खर्ज हवा तर पेटीही अवाढव्य हवी, असा एके काळी समज होता. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी तो खोटा ठरविला. लहानशा बंद पेटीत कोंडलेली हवाच त्यांनी वूफरच्या शंकूमागे स्प्रिंगसारखी राबविली. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी, आणि १९७० नंतर रिचर्ड स्मॉल यांनी, वूफर व पेटी यांचे नाते गणितात बसविले. बंद पेटीत अगदी खालचे स्वर मंदावत जातात. मोटारीतली कोंडलेली हवा नेमके तेच उचलून धरते. काचा थरथरल्या म्हणजे खर्ज लागला, असे नव्हे. सबवूफर घेताना वॅट आणि इंच विचारण्याआधी पेटीशी त्याचा मेळ विचारावा.