बोलेंचा ठराव, चवदार तळं आणि मोबाइलमधला दुभाषी

दादर पश्चिमेला पोर्तुगीज चर्चजवळून सिद्धिविनायकाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. रोज हजारो माणसं त्या पाटीखालून जातात. मीही कित्येक वर्षं गेलो, पण हे बोले कोण, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पाडला माझ्या भाचीने, आणि तिला तो पडला मोबाइलमुळे.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने महाडचा सत्याग्रह हा विषय घेतला होता. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून तिने जुन्या मुंबई कायदे कौन्सिलमधल्या एका ठरावाचा इंग्रजी मजकूर उतरवून आणला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अॅपला त्याचा मराठी सारांश विचारला. काही सेकंदांत तीन ओळी आल्या. त्यांचा अर्थ असा, की १९२३ साली मुंबईत कायदा झाला आणि सर्व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. भाषा शुद्ध, वाक्यं गुळगुळीत.

भाचीने मला विचारलं, “मामू, १९२३ला कायदा झाला होता, तर १९२७ला बाबासाहेबांना सत्याग्रह कशाला करावा लागला?”

प्रश्न बिनतोड होता. चूक त्या तीन ओळींत होती आणि ती एका शब्दाची होती. कौन्सिलने कायदा केला नव्हता, ठराव केला होता. मूळ मजकुरात सरकारला ‘शिफारस’ केली होती. सारांश करताना यंत्राने नेमका तोच शब्द गाळला.

ठराव आणि तळं यांच्यामधलं अंतर

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले सुधारक, कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव कौन्सिलने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. ११ सप्टेंबरला सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याचा आदेश दिला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला.

कागद पूर्ण झाला होता. पाण्याला मात्र कुणाला हात लावता येत नव्हता. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोलेंनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे पाळणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान रोखावं. तरीही तळं बंदच.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा काहींना महाडच्या मुसलमान घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. शाळेच्या पुस्तकात ही नावं सहसा येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. दरम्यान ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्दही करून टाकला होता. प्रकरण कोर्टात गेलं. तळं खासगी असल्याचा आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा फार जुनी असल्याचा सनातन्यांचा दावा टिकला नाही. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला.

१९२३ ते १९३७. ठरावापासून तळ्यापर्यंत पोहोचायला साडेतेरा वर्षं लागली. यंत्राने ती तीन ओळींत संपवली होती.

तेव्हाचे दुभाषे

यंत्राला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या काळी सामान्य माणसासाठी कौन्सिलची दारं याहून घट्ट बंद होती. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कर भरणाऱ्यांपुरता होता. कामकाज मुख्यतः इंग्रजीत चाले आणि त्याचे जाडजूड खंड इंग्रजीतच छापले जात. परळच्या गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराला त्याच्याबद्दल कोण काय बोललं, हे कळायचं कसं?

त्याचं उत्तर परळ-लालबागच्या गल्ल्यांत सापडतं. बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी जवळच दामोदर हॉलमध्ये होती. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी कौन्सिलच्या सदस्यत्वाची शपथ घेतली आणि एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. कौन्सिलमध्ये इंग्रजीत बोलणारा माणूस पाक्षिकात तेच प्रश्न मराठीत मांडत होता, आणि चाळीत शिकलेला एक जण तो अंक दहा जणांना वाचून दाखवत होता. २८ जुलै १९२८ रोजी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी कौन्सिलमध्ये पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. ज्या बायकांसाठी तो होता, त्या इंग्रजी खंड वाचून आपला हक्क मागणार नव्हत्या. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

माझे आजोबा कोकणातले. खोताच्या जमिनीत राबणारे आणि पावसाळा सरला की मुंबईची बोट पकडणारे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा कोकणात खोत हिंदूही होते, मुसलमानही होते, आणि कुळांचंही तसंच. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा आझाद मैदानातून कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक वाचलेले त्यांच्यात किती असतील? पण त्यात काय लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्यात संपाच्या हक्कावर बंधनं होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्याविरुद्ध संप झाला आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. विधेयकाची कलमं तिथे सभेच्या मराठीत, गिरणीच्या भाषेत उलगडली गेली.

पुढे हे काम शाहिरांनी केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांनी राज्य पुनर्रचनेसारखा रुक्ष विषय डफावर आणला. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मराठी राज्यासाठी या मुसलमान शाहिराचा आवाज मैदानं भरून टाकत होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव, लालबाग, परळची माणसं कौन्सिल हॉलकडे निघाली होती. आत मुंबईच्या भवितव्यावर चर्चा होणार होती आणि बाहेर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. आपल्याबद्दल आत काय ठरतंय हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि आपलं म्हणणं आत पोहोचलं पाहिजे, एवढीच ती मागणी होती.

मराठी आली, पण वाट मोकळी झाली का?

राज्य झालं. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. विधिमंडळ मराठीत बोलू लागलं. प्रतिवेदक सभागृहात बसून शब्द न् शब्द उतरवून घेऊ लागले. ही मोठी कमाई आहे, ती कमी लेखायचं कारण नाही.

पण भाषा बदलली, तरी अंतर उरलंच. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा हे सगळे शब्द मराठीच आहेत. आमच्या चाळीतल्या काकांना त्यांतला एकही नीट उलगडत नाही. कामकाजाचे खंड आहेत, बरेचसे संगणकावरही चढवले आहेत. पण जुनी पानं म्हणजे नुसते फोटो, त्यांत शब्द शोधता येत नाही. काही ठिकाणी जुन्या फॉन्टचा मजकूर उचलला की अक्षरांचा चिवडा होतो.

हे काका गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर पुन्हा गिरणीत गेले नाहीत. घराच्या सोडतीचा अर्ज भरून बसले आहेत. त्यांच्या आयुष्यावर ज्या कागदाने वरवंटा फिरवला, तो विधेयकाचा नव्हता, नियमाचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला असा हिशेब होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून रिकामी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीची बहुतेक जागा शेडांखालीच होती. म्हणजे ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थात घरं गेली. हायकोर्टाने २००५ मध्ये जुना अर्थ धरला, पण ७ मार्च २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने सुधारित नियम कायम ठेवला.

लालबागमध्ये ही दुरुस्ती कळली तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा कुणाच्या खिशात कागद वाचून सांगणारं यंत्र नव्हतं. असतं, तर त्याने ‘मोकळी जमीन’चा नवा अर्थ बरोबर सांगितला असता, की ‘शिफारस’सारखा गाळला असता?

यंत्र काय करू शकतं

मार्च २०२५ मध्ये लोकसभा सचिवालय आणि केंद्राचं माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांच्यात ‘संसद भाषिणी’चा करार झाला. संसदेतली जुनी-नवी चर्चा, कार्यक्रमपत्रिका आणि समित्यांचे कागद भारतीय भाषांत आणायचे, बोललेलं लगेच लिहून काढायचं, हवं ते शोधून द्यायचं, असा त्याचा आवाका आहे. कल्पना चांगलीच आहे. एखाद्या आमदाराने पाच वर्षांत गिरणी कामगारांच्या घरांवर किती वेळा तोंड उघडलं, हे शोधायला पूर्वी महिनाभर ग्रंथालयात बसावं लागलं असतं. नीट टाइप झालेला मजकूर असेल तर यंत्र ते काही मिनिटांत काढून देईल. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवेल.

पण भाचीबरोबर बसून मी जुन्या कामकाजाची काही पानं त्याला घातली, तेव्हा त्याच्या खोड्याही कळल्या. ‘द हाउस डिव्हायडेड’ याचं भाषांतर त्याने ‘सभागृहात फूट पडली’ असं केलं. तिथे फूट वगैरे काही नव्हती, फक्त मतविभागणी झाली होती. ‘शॅल’ आणि ‘मे’ दोन्हींना ‘करील’. एक सरकारला बांधणारं, दुसरं मोकळं सोडणारं, पण मराठीत दोघं जुळे भाऊ. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे, जिथे त्याला कळत नाही तिथेही ते त्याच ठाम आवाजात बोलतं. चाळीतला वाचून दाखवणारा अडला तर चष्मा काढून “इथे काय म्हणायचंय ते मास्तरांना विचारू” असं म्हणायचा. यंत्र अडखळत नाही.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी हव्यात. यंत्राच्या प्रत्येक उत्तराखाली मूळ पानाचा दाखला हवा, म्हणजे शंका आली तर उघडून बघता येईल. ठराव, विधेयक, आश्वासन, नियम आणि कायदा यांतला फरक त्याने प्रत्येक वेळी सांगायला हवा. आणि सर्वांत आधी, विधिमंडळाने आपलं कामकाज शोधता येईल अशा स्वच्छ युनिकोड मजकुरात सर्वांना फुकट उपलब्ध करून द्यावं. गिरगावात चर्नी रोडच्या सरकारी मुद्रणालयाजवळ ग्रंथागार आहे. बाबासाहेबांच्या खंडांसाठी तिथे रांगा लावणारी साधी माणसं मी पाहिली आहेत. मुंबई कायदेमंडळातल्या त्यांच्या भाषणांचा दुसरा खंड १९८२ साली निघाला, तोही इंग्रजीत. वाचायची भूक नाही, असं कुणी म्हणू नये.

शेवटी

भाचीने प्रकल्पात यंत्राच्या तीन ओळी ठेवल्या. खाली स्वतःच्या हाताने चौथी लिहिली: “हा कायदा नव्हता, शिफारस होती. म्हणून महाड घडलं.” मला वाटतं, प्रकल्पातली तीच ओळ कामाची आहे.

आता काका दर अधिवेशनात तिला बोलावतात. “बघ गं, आमच्या घरांचं काय बोलले?” ती मोबाइल धरते, वाचून दाखवते. परवा तिने वाचलं, “शासन याबाबत सकारात्मक आहे.” काकांनी विचारलं, “म्हणजे ठराव की कायदा?”

“काका, दोन्ही नाही. नुसतं उत्तर आहे.”

“तारीख दिलीय?”

“नाही.”

“मग त्यांना पत्र टाकायला हवं,” काका म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.