परिचारिकेची पाटी

डॉक्टरांच्या नावाची पाटी प्रत्येक आळीत दिसते. वकिलाची दिसते, वैद्याची दिसते. परिचारिकेच्या नावाची पाटी आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असेल? आम्ही कामगार संघटनेत काम करतो. इस्पितळातील नर्सभगिनी पाळ्यांची, पगाराची, रजेची गाऱ्हाणी घेऊन आमच्याकडे येतात. त्यांच्यापैकी एकीने एकदा विचारले, "आम्हांला स्वतःचा दवाखाना काढता येईल का हो?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे वाचनात आले की अमेरिकेत परिचारिकांनी स्वतः चालविलेले दवाखाने आहेत, आणि त्यांत मनोविकारांवर उपचार करणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा त्या हसण्याची आम्हांला लाज वाटली. त्या पाटीचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून लिंडा रिचर्ड्‌स यांचे नाव घेतात. त्यांनी १८७३ साली आपला अभ्यासक्रम पुरा केला. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे शिक्षण देणारी पहिली शाळा १८८२ साली मॅसॅच्युसेट्‌समधील मॅक्लीन इस्पितळात निघाली. परंतु शिक्षण मिळाले म्हणून अधिकार मिळाला असे नव्हे. वेड्यांच्या इस्पितळांत गर्दी वाढतच गेली. १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. एवढ्या माणसांना न्हाऊमाखू घालणे, जेवविणे, औषध पाजणे आणि दारांना कुलपे लावणे हेच परिचारिकेचे मुख्य काम. रुग्णाजवळ दिवसरात्र ती, पण रुग्णाविषयी मत विचारावयाचे ते दुसऱ्याला. गिरणीतल्या कामगाराला ही तऱ्हा नवी वाटणार नाही.

महायुद्धाने थोडा पालट घडविला. मनाने खचलेले सैनिक हजारोंनी परत आले. १९४६ साली अमेरिकेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा केला, आणि ज्या व्यवसायांच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला त्यांत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांच्या जोडीला परिचारिकाही बसली. याच काळात हिल्डेगार्ड पेप्लाऊ ही बाई पुढे आली. ती युद्धकाळात लष्करात परिचारिका होती. तिचे म्हणणे साधे होते: परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हाच एक उपचार आहे. दोघे प्रथम परक्यासारखे भेटतात. मग ती त्याची शिक्षिका होते, सल्लागार होते. हे सांगणारे तिचे पुस्तक १९४८ सालीच लिहून तयार होते. ते छापले गेले १९५२ साली. डॉक्टराचे नाव जोडल्याशिवाय परिचारिकेने ग्रंथ लिहावा हेच त्या काळी धाडसाचे वाटले! १९५४ साली रटगर्स विद्यापीठात तिने मानसिक परिचर्येतील विशेषज्ञ घडविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

त्याच वर्षी क्लोरप्रोमाझीन हे औषध अमेरिकेत वापरात आले. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. इस्पितळांची दारे उघडू लागली, रुग्ण घरोघर व रस्त्यावर आले. पण योजलेल्या केंद्रांपैकी पुष्कळशी उभीच राहिली नाहीत. आता या माणसांकडे पाहावयाचे कोणी?

उत्तर अनेक दिशांनी आले. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने व हेन्‍री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून 'नर्स प्रॅक्टिशनर' घडविण्याचा पहिला उपक्रम सुरू केला. तो बालकांच्या आरोग्यासाठी होता. मनोविकारांचे क्षेत्र त्यात पुढे आले. १९७१ साली आयडाहो राज्याने निदान व उपचार हे परिचारिकेच्या कामात मोडतात असे कायद्याने मान्य केले. त्याच वर्षी मेरीलँडमध्ये ल्यूसिल किनलाइन या परिचारिकेने स्वतःचे स्वतंत्र कार्यालय थाटले. सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. मिसूरी राज्यात परिचारिका विनापरवाना वैद्यकी करतात असा आक्षेप निघाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने निकाल दिला.

हक्क कागदावर आला तरी चूल पैशाने पेटते. १९९७ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी विमायोजनेतून, म्हणजे मेडिकेअरमधून, नर्स प्रॅक्टिशनरना कोठेही काम केले तरी थेट मोबदला मिळू लागला. पण डॉक्टरला शंभर तर हिला पंच्याऐंशी! २००८ च्या कायद्याने, विमा कंपनी मनोविकारांना संरक्षण देत असेल तर शरीराच्या आजारांहून अधिक जाचक अटी घालता येणार नाहीत, असे ठरविले. २०२० च्या महामारीत दूरध्वनीवरून व पडद्यावरून तपासणी रूढ झाली आणि खोलीचे भाडे न भरताही व्यवसाय मांडता येऊ लागला.

आज तेथे असा व्यवसाय मांडणारीला पदव्युत्तर पदवी लागते, राज्याचा परवाना लागतो, मानसोपचार-परिचर्येचे प्रमाणपत्र लागते, नियंत्रित औषधे लिहिण्याची निराळी नोंदणी लागते, चुकीच्या उपचाराबद्दलचा विमा लागतो. विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढेपर्यंत महिनेच्या महिने जातात. तोवर गाठीला पैसा हवा. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला स्वतःच्या जबाबदारीवर काम करता येते. उरलेल्या राज्यांत डॉक्टराशी करार करावा लागतो, आणि त्यासाठी अनेकदा दरमहा रक्कम मोजावी लागते. आमच्या गिरणगावात मुकादम दस्तुरी घेत असे, त्याची आम्हांला आठवण झाली.

तथापि दुसरी बाजू सांगितली पाहिजे. डॉक्टरांचे म्हणणे असे की आमचे शिक्षण कितीतरी अधिक वर्षांचे आहे, आणि मनावरची औषधे खेळण्याची वस्तू नव्हे. हे खोटे नाही. नवशिक्या परिचारिकेला अनुभवी माणसाचा आधार हवाच. न्यूयॉर्क राज्याने त्यासाठी तीन हजार सहाशे तासांच्या अनुभवाची अट ठेवली. तेवढे काम झाल्यावर बंधन सुटते. देखरेख शिकण्यासाठी असावी, वसुलीसाठी नसावी, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एक काटा आहे. यशस्वी व्यवसाय म्हणजे काय? विम्याचे कमी दर परवडत नाहीत म्हणून काहीजणी केवळ रोख पैसे देणाऱ्यांनाच घेतात. काही ठिकाणी पंधरा मिनिटांत औषध लिहून पुढचा रुग्ण बोलावितात. मग पेप्लाऊबाईंनी ज्या नात्याला उपचार म्हटले ते कोठे राहिले? जी स्त्री दुसऱ्याच्या हुकुमातून सुटली, तिच्या दारातून गरीब माणूस परत गेला, तर निम्मीच लढाई जिंकली असे आम्ही म्हणू. शिवाय एकटीने पाटी लावणारीला संप करता येत नाही. तिचे दर व तिचे कायदे यांसाठी तिला पुन्हा संघटनेतच यावे लागते. वरचे कायदेही परिचारिकांनी एकजुटीने पाठपुरावा केला म्हणूनच बदलत गेले.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या केली आणि राज्य प्राधिकरणाकडे तिच्या नोंदणीची तरतूद केली. स्वतःच्या सहीने औषध लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र तिला नाही. अमेरिकेचा साचा जसाच्या तसा येथे आणावा असे आम्ही म्हणत नाही. पण पेप्लाऊबाईंच्या पुस्तकापासून न्यूयॉर्कच्या त्या अटीपर्यंत सत्तर वर्षे गेली, आणि त्यांतले प्रत्येक पाऊल कोणी तरी एक अवघड प्रश्न विचारला म्हणून पडले, हे आपण ध्यानात ठेवावे. त्या भगिनीने आम्हांला असाच प्रश्न विचारला होता. ती पुन्हा भेटली तर आम्ही हसणार नाही. खुर्ची पुढे करू आणि म्हणू, "बसा बाई. काय काय लागेल ते आधी लिहून काढू."